डुकरांच्या शेडमधला अमोनिया आणि त्यांचा खोकला: कोल्हापूर भागातल्या वराहपालकांचे नेहमीचे प्रश्न

पाऊस लागला की माझा फोन वाजायला लागतो. कधी चंदगड-आजऱ्याकडून, कधी राधानगरीतून, कधी करवीरमधल्या एखाद्या मळ्यातून. विचारणं बहुतेक वेळा एकच असतं: "डॉक्टर, पिल्लं खोकायला लागलीत, कुठलं इंजेक्शन देऊ?" मी उलट विचारतो, "ताडपत्री किती दिवस झाले खाली आहे?" पलीकडे जरा वेळ कुणी बोलत नाही. मग उत्तर येतं, "पाऊस लागल्यापासून." ताडपत्री खाली म्हणजे मूत-विष्ठेतून सुटणारा अमोनिया वायू आत कोंडलेला, आणि खोकल्याची सुरुवात बहुतेक तिथेच असते.

आपल्या जिल्ह्यात दुधाच्या जनावरांबद्दल विचारायला दहा माणसं मिळतात. डुकरं पाळणारे मात्र विखुरलेले आहेत, एकाला उमगलेलं दुसऱ्यापर्यंत पोचत नाही. म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

शेडमध्ये अमोनिया येतो तरी कुठून?

मुतातून. डुकराच्या मुतात युरिया असतो. आपण उसाला पोत्यानं टाकतो तोच हा युरिया. नुसत्या मुतातून लगेच अमोनिया निघत नाही. विष्ठेतल्या जिवाणूंमध्ये युरिएज नावाचं एन्झाइम असतं. मूत आणि विष्ठा एकमेकांत मिसळली की ते युरियाचं विघटन करतं आणि काही तासांतच वायू सुटायला लागतो. त्यामुळे सकाळी साफ केलेला कप्पा संध्याकाळपर्यंत पुन्हा वायू सोडत असतो.

डुक्कर खाद्यातून जेवढा नायट्रोजन खातं त्यातला निम्म्याहून जास्त बाहेर टाकतं, आणि त्यातला मोठा भाग मुतावाटे जातो. फरशी ओली, हवा गरम आणि घाण अल्कधर्मी असली की वायू वेगानं सुटतो. एप्रिल-मेच्या उन्हात तो जास्त तयार होतो, पण तेव्हा शेड चारी बाजूंनी उघडी असते, वारा त्याला घेऊन जातो. पावसाळ्यात आपणच त्याला आत कोंडतो.

आम्हाला तर वास येत नाही. मग आमच्याकडे अमोनिया नाही असंच ना?

असं अजिबात धरू नका. नाक फसवतं. रोज शेडमध्ये वावरणाऱ्या माणसाच्या नाकाला त्या वासाची सवय होते, आणि बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी येत असताना मालक निवांत बोलत उभा असतो. हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. वासाचा अंदाज घ्यायचाच असेल तर सकाळी घरातून थेट शेडमध्ये जा आणि दाराशी घेतलेला पहिला श्वास लक्षात ठेवा. दहा मिनिटांनंतरच्या श्वासाला काही अर्थ नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. तुमचं नाक जमिनीपासून पाच फुटांवर असतं. झोपलेल्या पिल्लाचं नाक फरशीला टेकलेलं असतं, आणि वायू त्याच फरशीतून उठतो. "अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, वर निघून जाईल" असं लोक म्हणतात. हलका असतो हे खरं. पण कप्प्याची भिंत तीन-चार फूट भरीव बांधलेली असली की तिच्या आडोशाला हवा हलतच नाही, आणि खालून नवा वायू येतच राहतो.

राधानगरी तालुक्यातल्या एका शेडमध्ये जुलैत मी पहाटे गेलो होतो. उभं राहिल्यावर वास बेताचाच वाटला. कोपऱ्यातल्या कप्प्यात वाकून, पिल्लांच्या नाकाच्या उंचीला तोंड नेलं तर डोळे मिटून घ्यावे लागले. पिल्लांच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापासून गालावर तपकिरी ओघळ वाळलेले होते, आणि त्यातली सात-आठ पिल्लं एकमेकांवर चढून, माना उंच करून दाराच्या फटीकडे तोंड करून पडली होती. त्यांना चांगली हवा कुठून येते ते कळलं होतं.

नाकात आणि फुप्फुसात नेमकं काय बिघडतं?

हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

डुकराच्या नाकात गुंडाळीसारखी पातळ हाडं असतात. त्यांच्यावरून जाताना हवा गरम होते, ओली होते, गाळली जाते. तिथून श्वासनळीपर्यंत आतल्या कातडीवर अगदी बारीक केसांची झालर असते आणि तिच्यावर चिकट स्रावाचा पातळ थर. धूळ आणि जंतू त्या थराला चिकटतात आणि केस ठेक्यात हलून तो थर घशाकडे ढकलत नेतात. फुप्फुसं स्वच्छ ठेवणारी ही यंत्रणा दिवसरात्र चालू असते.

अमोनिया पाण्यात चटकन विरघळतो. त्यामुळे तो पहिल्यांदा याच ओल्या थरात उतरतो आणि तिथे अल्क तयार करतो. त्यानं कातडी चरचरते, स्राव वाढतो आणि घट्ट होतो, केसांची हालचाल मंदावते. वायू जास्त दिवस राहिला तर केस झडतातही. वरच्या मार्गातच विरघळून जात असल्यामुळे निव्वळ अमोनिया फारसा खोल जात नाही. पण शेडमध्ये खाद्याची, कोंड्याची, वाळलेल्या घाणीची धूळ असते. त्या धुळीच्या कणांवर बसून तो फुप्फुसात खोलवर पोचतो. धूळ आणि अमोनिया एकत्र असतात तेव्हा नुकसान वाढतं, ते यामुळे.

झालर थांबली की एरवी बाहेर फेकले गेले असते ते जंतू आत मुक्काम करतात. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी हा एन्झूटिक न्यूमोनियाचा (कळपात ठाण मांडून राहणाऱ्या डुकरांच्या न्यूमोनियाचा) जंतू तर स्वतःच या केसांना चिकटून त्यांचा नाश करतो. अमोनियानं आधीच अर्धं काम करून ठेवलेलं असतं. मागून पाश्चुरेला, ॲक्टिनोबॅसिलस हे न्यूमोनियाचे दुसरे जंतू येतात. नाकातल्या हाडांची झीज करणाऱ्या ॲट्रॉफिक ऱ्हायनायटिसमध्येही अमोनियामुळे झीज वाढते असं प्रयोगांत दिसलं आहे.

किती असला की धोका समजायचा?

अमोनिया पीपीएममध्ये मोजतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत किती भाग. चांगली हवा खेळणाऱ्या शेडमध्ये तो १० पीपीएमच्या खाली ठेवता येतो. डुकरांसाठी २० पीपीएम ही वरची मर्यादा धरतात, आणि माझ्या मते पिल्लांच्या कप्प्यात १० च्या वर जाऊ देऊच नये.

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात लहान डुकरांवर झालेल्या कामाचे निष्कर्ष १९८० साली छापून आले. ५० पीपीएममध्ये ठेवलेल्या पिल्लांची वजनवाढ सुमारे १२ टक्क्यांनी घटली, १०० पीपीएमला ती घट ३० टक्क्यांच्या आसपास गेली. त्याच गटाच्या आधीच्या प्रयोगात ५० पीपीएमलाच फुप्फुसातून जंतू बाहेर काढण्याची पिल्लांची ताकद कमी झाली होती. ५० चा आकडा फार मोठा वाटतो, पण ताडपत्र्या बांधलेल्या, दोन दिवस न खरडलेल्या शेडमध्ये पहाटे तो सहज येतो.

मोजायचा कसा? मशीन महाग असतं का?

काचेच्या डिटेक्टर ट्यूब मिळतात. पंपानं हवा ओढायची, आतला रंग किती अंतर बदलला ते वाचायचं. ट्यूब एकदाच चालते, पण आकडा विश्वासाचा मिळतो. हातात धरायचे इलेक्ट्रॉनिक सेन्सरही येतात. ते कायम शेडमध्ये टांगून ठेवू नका. सतत अमोनिया लागून सेन्सर थकतो आणि खोटं सांगायला लागतो. मोजायचं तेव्हा आत न्या, मग बाहेर आणा, आणि अधूनमधून कॅलिब्रेट करून (आकडा बरोबर दाखवतो का ते तपासून, जुळवून) घ्या. दोन-तीन पालकांनी मिळून एक घेतला तरी चालतो, मात्र एका फार्मवरून दुसऱ्यावर नेताना पुसून, जंतुनाशक लावूनच न्या.

मोजमाप पहाटे घ्या, रात्रभर कोंडलेली हवा हलायच्या आधी. जागा डुकराच्या नाकाच्या उंचीची. दाराशी नको, सगळ्यात आतल्या कोपऱ्यात.

खोकला अमोनियाचा आहे की रोगाचा, कसं ओळखू?

बहुतेक वेळा दोन्ही हातात हात घालून येतात. तरी काही खुणा आहेत. एकाच वेळी जवळपास सगळ्या कप्प्यांत डोळ्यांना पाणी, शिंका, डोकं झटकणं दिसत असेल, ताप नसेल, खाणं बऱ्यापैकी चालू असेल आणि ताडपत्री वर केल्यावर दोन-तीन दिवसांत फरक पडत असेल, तर दोष हवेचा. कोरडा, ढास लागल्यासारखा खोकला, तोही डुकरं उठवल्यावर किंवा पळवल्यावर, आठवडेच्या आठवडे चालणारा, आणि एकाच वयाच्या डुकरांत कमीजास्त वाढ, हे एन्झूटिक न्यूमोनियाकडे बोट दाखवतं. लोहाराच्या भात्यासारख्या कुशी हलत असतील, डुक्कर कुत्र्यासारखं बसून तोंडानं श्वास घेत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवा.

एक सोपी पद्धत सांगतो. सकाळी कप्प्यात शिरून सगळ्या डुकरांना उठवा, मिनिटभर थांबा, मग तीन मिनिटं खोकले मोजा. कप्प्यात किती डुकरं आणि किती खोकले, वहीत लिहा. आठवड्यातून दोनदा केलं तरी महिन्याभरात चित्र समोर येतं.

आणि हे मात्र लक्षात असू द्या: खूप ताप, खाणं एकदम बंद, कान-पोट लालसर किंवा निळसर पडणं, पटापट मरतूक, असं दिसलं तर अमोनियाचा विचार बाजूला ठेवा. तो क्लासिकल स्वाईन फीव्हर किंवा आफ्रिकन स्वाईन फीव्हर असू शकतो. दुसऱ्याची भारतात पहिली नोंद २०२० मध्ये आसाम-अरुणाचलकडे झाली, त्यावर औषध नाही. एकही डुक्कर विकू नका, हलवू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, किंवा १९६२ ला फोन करा.

पावसाळ्यात ताडपत्री सोडली नाही तर पिल्लं भिजतात. मग करायचं काय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा, आणि रास्तही. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी, चंदगड पट्ट्यात पाऊस सरळ पडतच नाही, आडवा येतो. पिल्लू भिजून गारठलं तर तेही न्यूमोनियानं जाईल. पण पाऊस अडवण्यासाठी चारी बाजू बंद करायची गरज नसते.

पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैऋत्येकडून येतो. तीच बाजू बांधा. तीही खालून वर बांधा, म्हणजे ताडपत्रीची खालची कड भिंतीला घट्ट आणि वरती छपराखाली वीतभर मोकळी जागा. आपल्याकडे बहुतेक ताडपत्र्या वरून लटकवून खाली सोडतात. मग वरची गरम, ओली, वायू भरलेली हवा अडकते आणि खालच्या फटीतून गार झोत थेट पिल्लांच्या अंगावर येतो. एवढी एक बाजू उलटी केल्यानं मी शेडं सुधारताना पाहिली आहेत. पूर्वेची बाजू उघडीच ठेवा, फार तर अर्धी. वळचण तीन-चार फूट बाहेर काढली तर तेवढीही ताडपत्री लागत नाही. छपराच्या माथ्यावर हवा जायला सलग फट आणि तिच्यावर छोटं टोपीछप्पर असेल तर उत्तमच.

पिल्लांची ऊब वेगळी सांभाळा. नव्या जन्मलेल्या पिल्लाला ३२ ते ३४ अंश लागतात, आणि त्याच्या आईला तेवढ्यात धाप लागते. म्हणजे अख्खी शेड बंद करून दोघांचंही भलं होत नाही. कोपऱ्यात लाकडी पेटी, तिला पिल्लांपुरतं दार, आत बल्ब, खाली कोरडं अंथरूण. वीज जाते तेव्हा पेटीवर पोतं टाका.

धुण्याचं म्हणाल तर पावसाळ्यात आधी फावड्यानं खरडा, घाण घमेल्यात भरून बाहेर न्या, मगच थोडं पाणी मारा. बरेच जण थेट पाइप लावतात. सगळी घाण पातळ होऊन फरशीभर पसरते, फरशी दिवसभर वाळत नाही, आणि वायू सुटायला जागा वाढते. फरशीला दर फुटाला पाव इंच उतार असावा आणि मूत थेट बाहेरच्या गटारात जावं. खड्डे पडलेल्या फरशीत मूत साचतं, ते खड्डे सिमेंटनं बुजवायला एक दुपार लागते.

गर्दीही बघा. ९०-१०० किलोच्या डुकराला निदान १० चौरस फूट जागा हवी. २०१९ आणि २०२१ च्या पुरात नदीकाठच्यांना जनावरं मिळेल त्या जागी हलवावी लागली. तशा वेळी दाटी टाळता येत नाही, पण तिथे खरडणं दिवसातून तीनदा करा आणि अंथरूण सढळ टाका.

वास मारायला चुना टाकला तर?

ओल्या घाणीवर टाकू नका. चुना अल्कधर्मी असतो, तो घाणीत धरून ठेवलेला अमोनिया उलट हवेत सोडतो. चुना फासायचा तो रिकाम्या, धुतलेल्या, वाळलेल्या कप्प्याला, आणि पुरा सुकल्यावरच डुकरं आत घ्यायची.

ब्लिचिंग पावडर त्याहून वाईट. मुतानं भिजलेल्या फरशीवर ती पडली की क्लोरामाइन नावाचे विषारी वायू तयार होतात, तुमच्याही छातीला लागतात. आधी धुवा, मग कप्पा रिकामा असतानाच वापरा. वायू खरोखर धरून ठेवायचा असेल तर अंथरुणावर थोडं सिंगल सुपर फॉस्फेट टाकतात, नंतर ते खतातच जातं. पण पसरून वर नवं अंथरूण टाका, डुकरांना चाटायला देऊ नका.

बगॅस किंवा पाचट अंथरलं तर चालतं का?

चालतं, आणि आपल्या जिल्ह्यात ते मिळतंही. बगॅस (म्हणजे कारखान्यातला उसाचा चोथा), भाताचं तूस, लाकडाचा भुसा हे सगळं मूत शोषून घेतं, त्यातला कर्ब नायट्रोजन बांधून ठेवतो. पाचट कुट्टी करूनच टाका, लांब पाती मूत शोषत नाहीत. अट एकच: अंथरूण कोरडं आणि बिनबुरशीचं हवं. साठवून काळं पडलेलं, हातात घेतल्यावर पांढरी भुकटी उडणारं बगॅस शेडमध्ये आणू नका. बुरशीच्या बगॅसमुळे माणसांना बॅगासोसिस नावाचा फुप्फुसांचा आजार होतो, डुकराच्या फुप्फुसालाही ती धूळ नको.

खाद्य बदलून अमोनिया कमी होतो?

होतो, आणि खिशालाही बरं पडतं. गरजेपेक्षा जास्त प्रथिनं दिली तर डुक्कर ती मांसात साठवत नाही, मुतातून युरिया करून टाकतं. सोयापेंड महाग घ्यायची आणि गटारात सोडायची असा हा व्यवहार. खाद्यातली प्रथिनं एका टक्क्यानं उतरवली आणि लायसिनसारखी अमिनो आम्लं वरून दिली, तर अमोनिया साधारण ८ ते १० टक्क्यांनी घटतो. मात्र स्वतःच्या अंदाजानं पेंड कमी करू नका, वयानुसार फॉर्म्युला पशुवैद्याकडून किंवा पशुआहार जाणणाऱ्याकडून करून घ्या.

हॉटेलचं उरलेलं अन्न देणाऱ्यांना प्रथिनांचा हिशोब लागतच नाही, एक दिवस नुसता भात, दुसऱ्या दिवशी मटणाची हाडं. ते द्यायचंच असेल तर चांगलं उकळून द्या. उकळायचं कारण अमोनिया नाही, वर सांगितलेले ताप आहेत.

खोकल्यावर अँटिबायोटिक देऊन भागत नाही का?

जंतू असतील तर पशुवैद्य देतील आणि उपयोगही होईल. हवा तशीच राहिली तर औषध बंद केल्यावर पंधरा दिवसांत खोकला परत हजर. मग आणखी औषध, आणखी खर्च, आणि शेवटी त्या औषधाला न जुमानणारे जंतू.

इथे एक जिवावरची गोष्ट सांगायची आहे. डुकरांच्या खोकल्यावर टायाम्युलिन वापरतात. कोंबडीखाद्यात पुष्कळदा सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन मिसळलेलं असतं. टायाम्युलिन आणि या दोन्हींपैकी कुठलंही एक एकत्र पोटात गेलं तर डुकरांचे पाय लुळे पडतात, मरतूक होते. आपल्याकडे पोल्ट्रीतलं उरलेलं खाद्य डुकरांना घालण्याची रीत आहे. तसं करत असाल तर औषध लिहून देणाऱ्याला ते न विचारता सांगा.

एकदा बिघडलेलं फुप्फुस सुधारतं का?

नुसत्या अमोनियानं थकलेली झालर हवा सुधारली की काही आठवड्यांत पुन्हा उगवते. न्यूमोनियाचे डाग भरून यायला दोन-तीन महिने जातात आणि व्रण राहतात, म्हणजे डुक्कर विकायला जाईपर्यंत तो त्रास अंगावर असतो. नाकातली झिजलेली हाडं परत येत नाहीत.

आम्ही रोज आत काम करतो, आमचं काय?

तुमच्या फुप्फुसालाही तोच नियम. माणसांसाठी आठ तासांच्या कामाला २५ पीपीएम आणि पंधरा मिनिटांपुरती ३५ पीपीएम ही मर्यादा सांगतात, ३०० ला जिवाला थेट धोका. तोंडाला बांधलेला टॉवेल वायू अडवत नाही. एन-९५ मास्क धूळ अडवतो, अमोनिया नाही. दम्याचा त्रास असलेल्या माणसाला पहाटे शेड उघडायला पाठवू नका. आधी ताडपत्र्या वर करा, दहा मिनिटं थांबा, मग आत जा.

स्लरीच्या, म्हणजे साठवलेल्या पातळ घाणीच्या टाकीत किंवा गोबरगॅसच्या खड्ड्यात मात्र कुणीही उतरू नये. ढवळल्यावर तिथे हायड्रोजन सल्फाइड सुटतो, तो काही श्वासांत माणूस पाडतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो.

डुक्कर विकल्यावर त्याच्या फुप्फुसावरून काही कळतं का?

खूप कळतं, आणि हे फुकट आहे. कापताना तिथे उभे राहा. निरोगी फुप्फुस फिकट गुलाबी, स्पंजासारखं, दाबलं की हवा भरलेलं जाणवतं. पुढच्या आणि खालच्या पाळ्या जांभळट, काळजासारख्या घट्ट झालेल्या असतील, तर ते डुक्कर शेडमध्ये आजारी होतं, भले तुम्हाला खोकला ऐकू आला नसेल. मग थोबाड वरच्या पहिल्या-दुसऱ्या दाढेच्या रेषेत करवतीनं आडवं कापायला सांगा. दोन्ही नाकपुड्यांत गच्च गुंडाळ्या दिसायला हव्यात. हाडाच्या जागी पोकळी दिसली किंवा मधला पडदा एका बाजूला वाकलेला दिसला, तर मोबाइलवर फोटो घ्या, कप्प्याचा नंबर लिहा, आणि त्याच कप्प्यात दुसऱ्या दिवशी पहाटे ट्यूब घेऊन जा.